सरांचं कॅनव्हासिंग

अख्ख्या मराठवाड्यात प्रचाराला निघून आपल्याच उमेदवाराची निंदा ऐकून घेणारा, ती लिहून घेणारा आणि निंदा करणाऱ्याला वर शाबासकी देणारा माणूस एकच झाला, आणि तो माझ्या नशिबानं माझा इंग्रजीचा मास्तर निघाला. नाव सांगत नाही. सांगितलं तर हर्सूलच्या निम्म्या कॉलन्यांतली माणसं ‘अगंबाई, ते होय’ म्हणत आपापले किस्से घेऊन बसतील आणि मला बोलू द्यायची नाहीत. आम्ही सगळे त्यांना नुसतं सर म्हणतो. उंची बेताची, अंगात पांढरा शर्ट, पायांत पीटीच्या तासाला मुलं घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट, तेही वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, आणि खिशात दोन्ही बाजूंनी टोक काढलेली पेन्सिल. दोन्ही बाजूंनी कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. “मागं रबर असलं की माणूस विचार न करता लिहितो,” म्हणाले. रबर त्यांच्या घरात नव्हतंच. एकदा लिहिलं ते लिहिलं. काकू, म्हणजे सरांच्या मिसेस, सांगायच्या की आमच्याकडं किराण्याच्या यादीत साखर चुकून दोनदा लिहिली गेली, तर साखर दोनदा येते.

सरांचं सगळं आयुष्य एका शब्दापायी गेलं. तो शब्द म्हणजे कॅनव्हासिंग. आपल्याकडं हा शब्द कुठंही पडलेला असतो. निवडणुकीत कार्यकर्ते कॅनव्हासिंग करतात, उन्हाळ्यात खाजगी शाळांचे मास्तर पोरं मिळवायला कॅनव्हासिंग करत हिंडतात, बसस्टँडाबाहेर ट्रॅव्हल्सवाले ‘पुणे पुणे पुणे’ करत माणसाची बॅगच ओढतात, तेही कॅनव्हासिंगच. सरांना हे सगळं पाहवायचं नाही. त्यांच्याकडं एक कव्हर गेलेली इंग्रजी डिक्शनरी होती. आम्ही नववीत असताना ती त्यांनी वर्गात आणली आणि एक अख्खा तास या एका शब्दावर घालवला. म्हणाले, हा शब्द भांगेच्या झाडापासून निघाला. त्या झाडाच्या धाग्याचं जाडंभरडं कापड, ते कॅनव्हास. मग त्या कापडात माणसाला घालून चौघांनी वर उडवायचं, कधी गंमत म्हणून, कधी शिक्षा म्हणून, तर त्याला हा शब्द आला. मग तोंडानं झोडपून काढण्याला आला. मग एखादी गोष्ट उलटीपालटी करून, झाडून, नीट तपासण्याला आला. आणि सगळ्यांत शेवटी मतं मागत दारोदार हिंडण्याला. “शब्द म्हातारा झाला की शहाणा होतोच असं नाही,” सर म्हणाले. “हा मधे शहाणा झाला होता. शेवटी भिकेला लागला.”

तेवढ्यावर थांबतील तर ते सर कसले. गॅदरिंगची सतरंजी मागवली, तिचे चार कोपरे आम्हा चौघांच्या हातात दिले आणि मधे स्वतःची पिशवी ठेवून ‘उडवा’ म्हणाले. एका कोपऱ्याला मी होते, समोरच्या कोपऱ्याला भाऊ होता. हा भाऊ पुढं आमच्या वॉर्डाचा नगरसेवक झाला, पण तेव्हा तो नुसता शेवटच्या बाकावरचा भाऊ होता. पिशवी वर गेली आणि तिच्यातून खडू पडले, चष्म्याचं घर पडलं, जेवणाचा डबा पडला आणि काकूंच्या हातची एक चिठ्ठी पडली, ‘येताना मीठ आणा, काल विसरलात’. वर्ग खिदळला. सर मात्र कीर्तनाला उभे राहिल्यागत गंभीर. “बघा. उडवलं की आत काय आहे ते बाहेर पडतं. म्हणून तपासणं हा अर्थ आला. डिक्शनरीवाल्यांना याची खात्री नाही. मला आहे.” दुसऱ्यांदा उडवताना भाऊनं आपला कोपरा सोडून दिला आणि सरांचा डबा फरशीवर आपटून चेपला. तो चेपलेला डबा सर निवृत्त होईपर्यंत वापरत होते.

सरांच्या मते खरं कॅनव्हासिंग ते मधलंच, तपासण्याचं, आणि उरलेली बिघडलेली. बसस्टँडावर एकदा मी त्यांच्यासोबत होते. एक एजंट एका पाहुण्याला ‘पुणे? पुणे? बसा, लगेच सुटते’ करत ओढत होता. सरांनी त्याचा हात धरला. “आधी विचार तरी, त्याला पुण्याला कशाला जायचंय.” एजंट बिचारा गांगरला आणि त्यानं खरंच विचारलं. पाहुणा म्हणाला, मेहुण्याशी भांडायला. मग सरांनी पाहुण्याला बाकड्यावर बसवून भांडण काय ते समजून घेतलं, त्यात पाऊण तास गेला, ट्रॅव्हल्स निघून गेली, आणि पाहुणा जालन्याच्या बसनं आपल्या घरी परतला. एजंट सरांना जे बोलला ते मला इथं लिहिता येत नाही. सर रिक्षात बसताना म्हणाले, “चांगला माणूस आहे, पण शब्दाचा अभ्यास नाही.”

शाळेनं त्यांना फुलंब्रीच्या बाजूच्या गावांत पोरं गोळा करायला पाठवलं, तेव्हा तर हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. सर ओट्यावर बसून पालकांना सांगत होते, “आमच्या शाळेचं छत दोन जागी गळतं, गणिताला मास्तर नाही, आणि इंग्रजीला मी आहे, मी शब्दाच्या मागं लागलो की धडा राहतो. आता तुमचं म्हणणं सांगा.” त्या वर्षी पोरं जास्त आली. एक शेतकरी म्हणाला म्हणे, बाकीचे सगळे गोड बोलून गेले, हा एकटा खरं बोलून गेला, पोराला इथंच टाकू. लग्नाच्या वेळीही तीच तऱ्हा. मुलगी बघायला गेले की मुलीच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडं जाऊन मुलीची नव्हे, स्वतःचीच चौकशी करायला सांगायचे. माझ्या गावाला माणूस पाठवा, माझ्याबद्दल वाईट काय आहे ते विचारा. दोन ठिकाणांहून नकार आला. तिसऱ्या ठिकाणी काकू होत्या. “बाकीचे आपले गुण घेऊन आले होते,” काकू अजून सांगतात, “हे दोष घेऊन आले. म्हटलं, निदान नंतर काही नवीन निघायचं नाही.” आणि मग हळूच म्हणतात, “निघालं, पण थोडंच.”

भाऊ पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला तेव्हा सरांच्या पाया पडला आणि सर त्याच्या प्रचाराला निघाले. तेव्हापासून दर निवडणुकीला आमच्या कॉलनीनं सरांचं कॅनव्हासिंग बघितलं. बाकीचे कार्यकर्ते घोळक्यानं यायचे, हात जोडायचे, चिठ्ठी द्यायचे, ‘लक्ष असू द्या’ म्हणायचे आणि पुढच्या दाराला जायचे. सर एकटे यायचे. मतदार यादी काखोटीला. घरात पाऊल टाकायचे नाहीत, उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बसायचे. चहा नाही, पाणीसुद्धा नाही. ज्याच्या दारी पाणी प्यायलो त्याच्याबद्दल मन हलकं होतं, मग खूण खरी पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. भर उन्हात ओठ पांढरे पडलेले असायचे, पण नाही म्हणजे नाही. आणि तीन प्रश्न. पाणी कधी आलं? घरात आजारी कोण आहे? भाऊबद्दल वाईट काय ऐकलंत? तिसऱ्या प्रश्नाला माणसं आधी दचकायची, मग सैल सुटायची. सर सगळं लिहून घ्यायचे. मत कुणाला हे ते विचारायचेच नाहीत, ते शेवटी माणूस आपणहून सांगायचा. मग यादीत त्याच्या नावापुढं खूण पडायची. देणार असेल तर टिक, नसेल तर फुली, ठरलं नसेल तर शून्य. फुलीवाल्याला सर ‘शाबास’ म्हणायचे. टिकवाल्याला काहीच म्हणायचे नाहीत. भाऊनं एकदा विचारलं, सर, हे उलटं का? तर म्हणाले, “टिक देणारा खरं बोलला की भिडेनं बोलला, मला काय माहीत? फुली देणाऱ्याबद्दल शंका नाही.”

मी काही साळसूद नाही. सरांच्या यादीत माझ्या नावापुढं कायम टिक होती. पहिल्या दोन वेळा ती खरी होती. तिसऱ्या वेळची गोष्ट पुढं येते.

मधे बरीच वर्षं महापालिकेची निवडणूकच झाली नाही. शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, नळाला पाणी मात्र आठव्या दिवशीच येत राहिलं, कधी दहाव्या. मग एकदाची निवडणूक लागली. तोवर प्रचाराची तऱ्हा पार बदलली होती. फोन यायचा, उचलला की भाऊचा रेकॉर्ड केलेला आवाज ‘माझ्या बहिणी’ म्हणून सुरू व्हायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर भाऊचे व्हिडिओ. सरांना कुणी बोलावलंही नव्हतं. तरी ते निघाले, गुडघ्यांना पट्टे बांधून, पांढरे बूट घालून. माझ्या दाराशी आले तेव्हा मी कणीक मळत होते. तीन प्रश्न झाले. खरं सांगायचं तर या वेळी माझं मत भाऊला नव्हतं. त्याच्याविरुद्ध एक बाई उभ्या होत्या, त्यांना द्यायचं माझं पक्कं झालं होतं. पण सर इतक्या उन्हातून आलेले, गुडघे धरून बसलेले. “तुम्ही आल्यावर दुसरं काय, सर,” मी म्हणाले. “भाऊच.” सरांनी पेन्सिल काढली आणि माझ्याकडं बघितलं. “विचार केलास?” “केला.” त्यांनी टिक केली आणि उठले.

आमच्या मागच्या ओळीत, विजेच्या खांबापलीकडं थोडा उतार आहे, तिथं शेवटच्या घरात खाला राहायची. सत्तरीची एकटी बाई, रजया आणि गाद्यांच्या खोळी शिवायची. मुलगी सिल्लोडला दिलेली. कॉलनीतल्या अर्ध्या घरांत हिवाळा खालाच्या हातचा असायचा. मला तर ती दर दिवाळीला विचारायची, करंज्या किस रोज तळती गं? सर तिच्या पायरीवर गेले तेव्हा तिनं मशीन थांबवली आणि तिसरा प्रश्न यायच्या आतच बोलली. “सर, इस बार तुम्हारे भाऊ को नै देती मैं. पिछली बार बोले पीछे की गल्ली में पाइप डालते. कां है पाइप? वो बाई मेरे दरवाजे पे आके दो घंटे बैठी, उसकू देती.” सरांनी फुली केली. “शाबास, खाला.” ही गोष्ट सरांनी मला इतक्या कौतुकानं सांगितली की जणू खालाचा बोर्डात नंबर आलाय. मागच्या ओळीतल्या तेवीस घरांपैकी बहुतेकांनी त्यांना तसंच तोंडावर सांगितलं होतं. आमच्या पुढच्या ओळीत मात्र सगळ्या टिका. आम्ही पुढच्या ओळीतली माणसं शिकलेली, नोकरीतली. आम्हाला भीड असते.

मतदान झाल्यावर सर यादी भाऊच्या ऑफिसात देऊन यायचे, तशी याही वेळी दिली. पूर्वी त्या याद्या ऑफिसच्या माळ्यावर पडायच्या, पुढं त्यांत भजी बांधली जायची. या वेळी एका माणसानं पानापानाचे फोटो काढून घेतले आणि यादी परत दिली. सरांना बरं वाटलं. आपल्या कामाची कुणी कदर केली, असं घरी येऊन काकूंना म्हणाले. भाऊ थोडक्यात निवडून आला.

एप्रिल लागला आणि नळ अकरा-अकरा दिवस कोरडा जाऊ लागला. भाऊनं स्वतःचा टँकर सुरू केला, फुकट. दर तिसऱ्या दिवशी सकाळी टँकर यायचा, आमच्या ओळीत उभा राहायचा, आमचे ड्रम भरायचा आणि खांबापासून मागं वळायचा. मागच्या ओळीतली माणसं कॅन, हंडे, बादल्या घेऊन आमच्या ओळीत यायची आणि आमचं झाल्यावर उरलं तर भरायची. ड्रायव्हर म्हणायचा, गल्ली अरुंद आहे, गाडी जात नाही. सरांनी हे ऐकलं आणि घरून सुतळी आणली. आधी टँकर मोजला, ड्रायव्हर हसत होता. मग गल्ली मोजली, तीन ठिकाणी. टँकर जाऊन दोन्ही बाजूंनी वीत वीत जागा उरत होती. सुतळीला गाठ मारून ती तशीच हातात धरून सर भाऊच्या ऑफिसला गेले.

तिथं काय झालं ते त्यांनी दुपारी माझ्या पायरीवर बसून सांगितलं, एकेक शब्द निवडून, वर्गात सांगायचे तसं. ऑफिसातला माणूस म्हणाला, “सर, टँकर एक, लोकं लई. कुठून तरी सुरुवात करावी लागती ना. आपल्या माणसांपासून केली.” आणि त्यानं फोनवर कॉलनीचा नकाशा दाखवला. आमची ओळ हिरवी, मागची लाल. सरांनी विचारलं, हे रंग कुणी दिले? तो म्हणाला, “तुम्हीच की, सर. तुमच्या टिका हिरव्या, फुल्या लाल. लई क्लीन लिस्ट असती तुमची, एक खाडाखोड नाय.” मग भाऊ आतून आला, पाया पडला, खुर्ची दिली. “सर, तुम्हीच शिकवलं की, माणूस नीट तपासून घ्यावा,” म्हणाला. सरांनी सुतळी टेबलावर ठेवली. तेव्हा भाऊनंच तोड काढली. “तुमचा मान म्हणून सांगतो. तुमच्या हातानं फुलीची टिक करून आणा. दुसऱ्या दिवशी टँकर मागं जाईल. शब्द देतो.”

“करून टाका, सर,” मी म्हणाले. “टिकच तर आहे.” सरांनी माझ्याकडं असं बघितलं की मला खाली बघावं लागलं. “खाला माझ्याशी खरं बोलली. ती खोटं बोलली असं मी लिहू? तिला न विचारता?” मग आम्ही दोघं खालाकडं गेलो. सरांनी पायरीवर बसून सगळं सांगितलं, आपली यादी कुठं गेली, रंग कसे पडले, टिक केली तर काय होईल. खालानं सुई कापडात खोचून ठेवली आणि शांतपणे ऐकलं. “नक्को, सर,” ती म्हणाली. “मैं सच बोली, आप सच लिखे. अब प्यास लगी तो झूट लिखना? पाणी मैं लाती, सामने से. दो कॅन तो लगते मेरेकू.” सरांचा चेहरा उजळला. त्यांनी पुन्हा एकदा ‘शाबास’ म्हटलं. मी मधे उभी होते. माझी टिक खोटी आहे, ती काढा आणि हिची लिहा, एवढंच मला म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं. सरांसमोर खोटी पडायला मी घाबरले. घरी येऊन मी आमचे ड्रम झाकून ठेवले.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. खाला दोन कॅन घेऊन आली, रांगेत सगळ्यांच्या मागं उभी राहिली. मी तिला पुढं घेतलं, तेवढं तरी केलं. पण पाणी भरून घेण्यात आणि ते घरी नेण्यात फरक असतो. खांबापाशी उतारावर सांडलेल्या पाण्यानं चिखल झाला होता, तिथं तिचा पाय घसरला. एक कॅन तिच्या अंगावर पडला. आवाज कसला तो मी सांगत नाही. खुबा मोडला होता. दवाखान्यात म्हणाले, वय आहे, हृदय कमजोर आहे, ऑपरेशनचा भरवसा नाही, घरी न्या. सिल्लोडहून मुलगी आली आणि तिनं आईला घरी आणून मशीनशेजारी खाट टाकून झोपवलं.

सरांनी त्या दुपारी दार लावून घेतलं. फुलीवर टिक होत नाही आणि घरात रबर नव्हतं. ते आणायला काकू निघाल्या होत्या, सरांनी थांबवलं. त्यांनी मागच्या ओळीची सगळी पानं कोऱ्या कागदावर पहिल्यापासून लिहून काढली, नावं, घरनंबर, वयं, आणि तेवीस घरांपुढं टिका. काकू सांगतात, खालाच्या नावापाशी आले तेव्हा पेन्सिलीचं टोक मोडलं, मग उलटी करून दुसऱ्या टोकानं लिहिलं. उभ्या आयुष्यात हा माणूस पहिल्यांदा खोटं लिहीत होता. कागद घेऊन ते स्वतः चालत ऑफिसला गेले आणि कुणाशी न बोलता टेबलावर ठेवून आले. भाऊ शब्दाला जागला, हे मान्य केलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी टँकर खांब ओलांडून उतारानं मागं गेला, दोन्ही बाजूंनी वीत वीत जागा ठेवून. खाटेवरून खालानं मुलीला विचारलं, “किसकी गाडी है?” मुलीनं सांगितलं. खाला भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

बाराव्या दिवशी ती गेली. सकाळीच टँकर दारात उभा होता. तिच्या शेवटच्या आंघोळीला त्याच टँकरचं पाणी. सरांनी दोन बादल्या भरल्या, गुडघ्यांना पट्टे नसताना दारापर्यंत आणल्या, आतल्या बायकांनी घेतल्या. सर बाजूला जाऊन उभे राहिले. त्यांचे पांढरे बूट चिखलानं भरले होते आणि पुढं कित्येक दिवस त्यांनी ते धुतले नाहीत.

त्यानंतर ते एकदा मागच्या ओळीत गेले, सगळ्या घरांना, यादी न घेता. प्रत्येक पायरीवर उभं राहून सांगितलं की तुम्ही मला खरं सांगितलं होतं, मी तुमच्या नावापुढं खोटं लिहिलंय, ते तुम्हाला माहीत असावं. लोक चांगले. कुणी म्हणालं, जाऊ द्या सर, पाणी येतंय ना. कुणी हसलं. फुलंब्रीकडून येऊन राहिलेल्या एका शेतकरी घरातला कर्ता माणूस मात्र म्हणाला, “व्हय सर, पर हेच दोन दिस आधी लिवलं असतं तर म्हातारी हिंडत असती.” सर म्हणाले, “बरोबर आहे.” तेवढंच म्हणाले आणि पुढच्या घरी गेले. मी खांबापाशी उभी राहून बघत होते. शहाण्या माणसांच्या चुकाही वेगळ्या असतात, आपल्याला त्या करता येत नाहीत. माझी चूक साधी होती, कुणालाही जमली असती.

पावसाळा गेला, मागच्या ओळीत पाइप पडला. सर घराबाहेर पडेनासे झाले. काकू म्हणायच्या, डिक्शनरीसुद्धा उघडत नाहीत. मग परवा, दिवाळीच्या आधी, मी करंज्यांचं सारण परतत होते आणि बाहेर पायरीवर कुणीतरी टेकल्याचा आवाज आला. सर होते. हातात यादी नाही, खिशात पेन्सिल नाही. मी गॅस बंद करून बाहेर आले आणि उंबऱ्यात बसले.

“पाणी कधी आलं?” त्यांनी विचारलं.

“काल, सर.”

“घरात आजारी कोण?”

“कोणी नाही.”

मग तिसरा प्रश्न. “माझ्याबद्दल वाईट काय ऐकलंस?”

“तुमच्याबद्दल नाही सर,” मी म्हणाले. “माझ्याबद्दल सांगते.” आणि मी सांगितलं. मत कुणाला दिलं ते, टिक खोटी होती ते, त्या दिवशी खालाच्या दारात तोंड उघडलं नाही ते. सगळं सांगून झालं आणि मी वाट बघत बसले. फुलीवाल्याला ते शाबास म्हणायचे. उशिरा का होईना, मी त्यांना खरी फुली दिली होती.

सर शाबास म्हणाले नाहीत. रागावलेही नाहीत. शाळेत गृहपाठ न केलेल्या मुलीच्या डोक्यावर ठेवायचे तसा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “थोडं पाणी देतेस?”

मी आतून तांब्या भरून आणला. माझ्या दारी एवढ्या वर्षांत त्यांनी घोटभरही पाणी घेतलं नव्हतं. त्या दिवशी अख्खा तांब्या संपवला, शेवटचा घोट जरा थांबून घेतला, आणि तांब्या पायरीवर उपडा ठेवला. मग भिंतीला हात टेकून उठले आणि खांबाच्या बाजूनं, उतार सांभाळत, हळूहळू घरी गेले.